खाली न बघता चाला

"समोर बघा, शिलेर खान. भिंतीवर निळा ठिपका आहे ना, त्याच्याकडे बघत या. खाली न बघता चाला. घरात चालता तशा."

डॉक्टर दिलनियाने हे तिसऱ्यांदा सांगितलं, तसंच आदराने 'खान' म्हणत. शिलेरने तिसऱ्यांदा मान डोलावली आणि खाली बघितलं.

खाली राखाडी रबराची चटई होती. आठ मीटर लांब. सपाट. म्हणजे पहिल्या नजरेला सपाट, आणि शिलेर पहिल्या नजरेवर विसंबणारी बाई नव्हती. मध्यावर, खिडकीतलं ऊन तिरपं पडत होतं तिथे, रबर केसभर खाली बसलं होतं. त्याची रेघ पडली होती. रेघ सरळ गेली आणि काटकोनात वळली. जमीन आपणहून काटकोनात वळत नाही.

एक चौकोन. त्यापुढे आणखी एक.

खाली काहीतरी पुरलेलं होतं.

छतातल्या रुळावरून उतरलेला पट्टा तिच्या खांद्यांना आणि कमरेला आवळला होता. तोल गेला तर तो तिला झेलणार होता. गुडघ्यांवर, घोट्यांवर चमकणारे छोटे गोळे चिकटवलेले, आणि कोपऱ्यांतले कॅमेरे त्या गोळ्यांवर डोळा ठेवून. पट्टा बांधणारा हेमिन, सगळ्यांचा काक म्हणजे दादा, वीस वर्षं या केंद्रात लोकांचे पाय घडवत होता. गुडघ्याखालचा स्वतःचा डावा पायही त्यानेच घडवलेला.

"पडलात तर खाटकाच्या दुकानातल्या मेंढीसारख्या लोंबाल," तो म्हणाला, "पण जमिनीला काही लागणार नाही."

"मेंढीला आधी कापतात, मग लटकवतात."

"मग आपला क्रम बरोबरच आहे की, शिलेर गियान." तो सगळ्यांनाच लाडाने 'गियान' म्हणायचा.

ती हसली. आणि निघाली. उजवा, तो कडक, रबराचा. डावा. उजवा. डावा. इथे रेघ. उजवा उचलला तो

खाली टाकलाच नाही लवकर. हवेत धरला, जरा बाजूला नेला आणि चौकोनाच्या कडेला, चटईच्या अगदी काठावर टेकवला. डावा त्याच्यामागून. मग दुसरा चौकोन, तोही तसाच. पलीकडे पोचली तेव्हा पाठ घामाने भिजली होती, आणि तोंडाला त्या दिवसासारखी मातीची चव आली होती.

*पहिला दिवस. पाय जुना. फेऱ्या बारा. मोजता येईल असं पाऊल: एकही नाही. शेरा: मध्यावर अडखळते. तोल अस्थिर?*

प्रश्नचिन्ह दिलनियाने पेन्सिलने काढलं, खोडलं आणि पुन्हा काढलं.

मग कागद आला. प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायचं. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे फार.

जिना उतरताना पडण्याची भीती वाटते का? दोन.

ओल्या फरशीवर? तीन.

गर्दीत? "आमच्या कानीस्पीत गर्दी कुठली, बाई? बकऱ्या धरायच्या का?" शून्य.

उतारावर?

"उतारावर, शिलेर खान?"

"पडण्याची?"

"हो, पडण्याचीच."

"पडण्याची नाही. शून्य लिहा."

दिलनियाने शून्य लिहिलं. दुसऱ्या कुठल्या भीतीला त्या कागदावर रकाना नव्हता.

कानीस्पीच्या वरचा उतार लढाईत सुरुंगांनी पेरला गेला. अलीकडच्यांनी की पलीकडच्यांनी, हे ज्यांना ठाऊक होतं ते मरून गेले. सुरुंग काढणारे लोक तीनदा आले, खालचा पट्टा साफ करून लाल पाट्या रोवून गेले, वरचा राहिला. आणि कंगर उगवतो तो वरच. बर्फ उतरलं की जेमतेम महिनाभर, कोवळा, काटेरी, भाजीचा. शहरातले लोक रस्त्याकडेला गाडी थांबवून टोपलीच्या टोपली घेऊन जातात. कानीस्पीतल्या सात घरांचा वसंत त्यावर निघतो.

म्हणून तिथली रीत अशी की बायका एका ओळीत जातात. पुढचीचा ठसा जिथे, तिथेच मागचीचा पाय. दोघींत दहा पावलांचं अंतर, म्हणजे गेलीच तर एकच जाईल. मान वर करायची नाही, ठशावरून नजर काढायची नाही. ओळीच्या पुढे कोण, हे ठरलेलं असतं. तिला वाट पाठ असते, पायांना पाठ. अकरा वर्षं शिलेर पुढे होती. तिच्याआधी तिची सासू.

गेल्या वसंतात स्फोट झाला. जखम बांधून तिला खाली आणलं तेव्हा शिलेरच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "मी वाट सोडली. आंबट दांडे दिसले, दोन पावलं बाहेर गेले."

ते खोटं होतं.

तिने वाट सोडली नव्हती. तिचा उजवा पाय काळ्या दगडाच्या डाव्या अंगाला पडला, जिथे तो अकरा वर्षं पडत आला होता. बर्फाच्या पाण्याने वरची माती घसरली होती, आणि मातीतलं तेही घसरलं होतं. म्हणजे वाट अशी काही आता उरलीच नव्हती.

का खोटं बोलली? तेव्हा वाटलं, बायका घाबरतील. नंतर बायका भेटायला आल्या, उशाशी बसून म्हणाल्या, वाट शाबूत आहे ना, मग देवाची कृपा. त्यांच्या तोंडावरची ती सुटका बघून शिलेरची जीभ टाळूला चिकटली. आज सांगू, उद्या सांगू. हिवाळा आला, उतार बर्फाखाली गेला, आणि सांगायची घाई राहिली नाही. अकरा वर्षं ज्यांनी आपल्या ठशात जीव ठेवला, त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की

(इथवर आलं की ती नेहमी दुसरा विचार करायची.)

दुसरा विचार हा: पश्चिमेकडून वर जायला खडकांची एक धार आहे. खडक घसरत नाही. खडकात कुणी काही पुरत नाही. पण तिथे जुना पाय चालत नाही. दगडावर तो लाटण्यासारखा आपटतो आणि निसटतो. हेमिनच्या कपाटातला नवा पाय वेगळा. काळ्या धाग्यांचा, पात्यासारखा, टाच दबणारा, चवडा उसळणारा. तो मिळाला की आपण पुन्हा ओळीच्या पुढे. बायकांना मुकाट्याने खडकावरून न्यायचं. कुणाला काही सांगायची गरज नाही.

नवे पाय पाचच आले होते. नव्या पायाने ज्यांचा तोल सुधारतो असं मोजून दिसेल, त्यांनाच ते मिळणार होते.

बुधवारी संध्याकाळी क्वेस्तानचा फोन आला. क्वेस्तान तिची धाकटी बहीण. यंदा ओळीच्या पुढे तीच.

"बर्फ उतरलं, शिले. शुक्रवारी निघतो."

"मी येईपर्यंत थांब."

"तू येऊन काय करणार? चहा ठेव आमच्यासाठी."

"क्वेस्तान, थांब म्हणते ना मी."

"अगं राणी, तुझ्यावाचून डोंगर काय रडत बसलाय? पाय नीट बसवून घे आधी. आणि त्या डॉक्टरणीला सांग, बहिणीची जीभ पण जरा कापून ठेवा."

शिलेर हसली नाही. रात्रभर केंद्राच्या खाटेवर ती नसलेला पाय खाजवत राहिली.

*तिसरा दिवस, गुरुवार. पाय नवा.*

नवा पाय सोपा होता. भयंकर सोपा. टाच टेकताच तो तिला पुढे ढकलायचा, जणू मागून कुणी घाई करतंय. पहिली पाच पावलं ती तरुण बाईसारखी चालली. मग रेघ.

उजवा हवेत.

बाजूला.

काठावर.

*फेरी एक: नाही. फेरी चार: नाही. फेरी नऊ: नाही.*

दिलनिया खुर्चीवरून उठली. तिशीचीही नव्हती ती. विद्यापीठातून आलेली, रोज स्वतःच्या डब्यातलं याप्राख, भात भरलेली पानं, सगळ्यांना वाटणारी. आज डबा उघडलाच नव्हता.

"शिलेर खान, माझ्याकडे नोंदच नाही. नोंद नसेल तर मी काय दाखवू? पाय तुम्हाला मिळावा असं मलाही वाटतं. पण कॅमेऱ्यात दिसतं ते असं की तुमचा तोल नव्या पायाने आणखी बिघडतो."

"तोल बिघडत नाही," हेमिन म्हणाला. तो भिंतीला टेकून मघापासून शिलेरचे डोळे बघत होता. "चुकवताहेत त्या. मी लहानपणी शाळेत जाताना असाच चालायचो. काय, चुकवताय ना?"

शिलेरने चटईकडे बोट दाखवलं.

"खाली काय आहे?"

"काही नाही," दिलनिया म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"डॉक्टर, मी तुमच्या आईच्या वयाची आहे. माझ्या आयुष्यात मला 'काही नाही' म्हणून सांगितलेली जमीन मी पुष्कळ बघितली. खाली काय आहे?"

दिलनियाने हेमिनकडे बघितलं. हेमिनने वाकून चटईचं टोक धरलं आणि सोलल्यासारखं मागे ओढलं.

लोखंडाचा चौकोनी पत्रा, जमिनीशी बरोबर. एका बाजूने काळी तार बाहेर आलेली.

तार बघताच शिलेर इतक्या जोराने मागे सरली की पट्ट्याने तिला उचललंच. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. ती लोंबत राहिली, डोळे तारेवर, आणि तिला स्वतःच्या घशातून बारीक आवाज येताना ऐकू आला, मांजराच्या पिलासारखा.

"वजनकाटा आहे!" दिलनिया धावली. "नुसता वजनकाटा, शिलेर खान! पाय किती जोराने पडतो, कुठे झुकतो, ते मोजतो. मी… आम्ही कुणालाच सांगत नाही. सांगितलं की लोक नेम धरून पाय टाकतात, मग ती त्यांची चाल राहत नाही. म्हणून चटई. म्हणून खाली बघू नका. नियमच तसा आहे. मला सुचलंच नाही. कोण येतं इथे, कशाने येतं, सगळं माहीत असून मला सुचलंच नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

शिलेरचे पाय पुन्हा टेकले. हेमिनने पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, तोंडावर मारलं.

"कळलं," ती म्हणाली. "आता माहीत आहे. टाकते पाय."

पण माहीत असणं डोक्यात होतं. पाय काठावरच गेला. अकरा, बारा, तेरा: नाही, नाही, नाही. शेवटी ती म्हणाली, "काक हेमिन, तुम्ही पुढे चाला."

त्याला लगेच समजलं. तो पुढे झाला. जरासा लंगडत, चौकोनावर बिनदिक्कत पाय देत. ती दहा पावलं थांबली आणि त्याच्या मागून, जिथे त्याचा पाय तिथेच आपला पाय ठेवत, थेट दोन्ही चौकोनांवरून गेली. थरथरत, पण गेली.

हेमिनने टाळी वाजवली. दिलनियाने यंत्राच्या पडद्याकडे बघून मान हलवली.

"ही त्यांची चाल नाही. ही तुमची चाल आहे, काक हेमिन. लंगडणंसुद्धा तुमचंच. ह्यावर मी काय सिद्ध करू?"

तेवढ्यात शिलेरच्या झग्याच्या खिशात फोन वाजला.

"शिले? ऐकू येतंय? इथे पलीकडच्या देशाचा टॉवर धरतोय."

मागे वारा होता.

"कुठे आहेस तू?"

"वर. उद्या पाऊस सांगितलाय, म्हणून आजच निघालो. ऐक, बलूताच्या झाडाच्या खुंटापाशी आहे मी. पण खुंट कलंडलाय गं, पार खाली आलाय. आणि काळा दगड दिसतच नाही. इथून डावीकडे ना? की उजवीकडे?"

एक शब्द. 'डावीकडे' म्हणायचं. किंवा 'उजवीकडे'. दोन्ही सारखेच.

"थांब," ती म्हणाली. "हलू नकोस. कुणी हलायचं नाही."

"अगं पण…"

"ओरडून सांग मागे. पाय उचलायचा नाही कुणी. सांग आधी!"

क्वेस्तानची हाक वाऱ्यात गेली. दूर कुणीतरी, बहुतेक म्हाताऱ्या बफ्रीनने, काहीतरी विचारलं.

"सांगितलं. आता बोल. काय झालंय?"

"वाट नाहीये."

"म्हणजे?"

"मी वाट सोडली नव्हती. मी वाटेवरच होते, क्वेस्तान. दगडाच्या डाव्या अंगाला. जिथे नेहमी. माती घसरलीय. वरचं सगळं खाली आलंय. डावं नाही, उजवं नाही, काहीच नाही. मी खोटं बोलले."

पलीकडे नुसता वारा. मग क्वेस्तानचा श्वास, तोंडाने घेतलेला, भरभर.

"शिले." आवाज एकदम लहान झालेला. "शिले, मला भीती वाटतेय. माझे पाय बघ कसे… मी खाली बसू का?"

"बसायचं नाही! हात टेकायचे नाहीत. ऐक माझं. किती जणी आहात?"

"सात."

"माती ओली आहे ना? ठसे दिसताहेत?"

"दिसताहेत."

"मग त्या ठशांतून आत गेलात, त्याच ठशांतून बाहेर. जागच्या जागी वळा. शेवटची आहे ती पुढे. कोण आहे शेवटी?"

"बफ्रीन आजी."

"तिला सांग, तुझ्याच पावलांत पाय ठेवत सावकाश जा. ती दहा पावलं गेली की पुढची. तू सगळ्यात शेवटी."

"मी शेवटी?"

"तू शेवटी."

शिलेर चालू लागली होती. तिला ते ठाऊक नव्हतं. फोन कानाला, दुसरा हात हवेत काहीतरी धरून, ती निळ्या ठिपक्याकडे गेली, वळली, परत आली. वर रुळावरून पट्टा घरघरत तिच्याबरोबर ये-जा करत होता.

"आता कोण गेली?"

"नाझदार. ती रडतेय."

"रडू दे, पण ठशात. आता?"

"आता फक्त मी."

"वळ. दिसला पहिला?"

"दिसला."

"ठेव. पूर्ण पाय, टाचेसकट. एक."

"एक."

"दोन."

"दोन. शिले, खडक आलाय मध्ये. खडकावर ठसा नाही."

"खडक चांगला. खडकावर कुठेही ठेव. पलीकडचा ठसा शोध. सापडला?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही गं, इथे नाझदारने चिखल… थांब. आहे. अर्धा आहे."

"अर्धा कुणाचा? पुढचा भाग की टाच?"

"टाच."

"टाचेवर टाच. तीन."

उत्तर नाही.

"क्वेस्तान, तीन."

शिलेर थांबली नाही. वळली. गेली. परत आली.

"तीन म्हण! क्वेस्तान!"

"…तीन."

दिलनियाची नजर पडद्यावर गेली, कारण तिथे काहीतरी हलत होतं. हिरव्या रेघेचे उंच डोंगर एकामागून एक उठत होते. टाच, तळवा, चवडा. टाच, तळवा, चवडा. यंत्र कुणी बंद केलंच नव्हतं. हेमिन काही बोलणार होता. तिने त्याची बाही धरली. दोघं तिथेच उभे राहिले. पडद्यापेक्षा त्या बाईच्या कानाशी असलेल्या फोनकडे त्यांचं लक्ष जास्त होतं.

चाळीस. एकेचाळीस. त्रेसष्टाला फोन तुटला.

टॉवर गेला असेल, हेमिन म्हणाला. डोंगरात असंच होतं. शिलेरने परत लावला. लागला नाही. परत लावला. एक परकी बाई परक्या भाषेत काहीतरी शांतपणे सांगत राहिली. शिलेर खाली बसली, तिथेच, चटईवर, आणि फोन दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"नोंद झाली," दिलनिया अगदी हळू म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "पत्र्यांवर बावीस पावलं. मला विचारावं लागेल ही धरता येतात का, ठरल्यासारखी ही फेरी नव्हती… पण पाय चांगला आहे, शिलेर खान. तुम्ही कुठेच डळमळला नाहीत."

"कोण?" शिलेर म्हणाली.

अकरा मिनिटं. हेमिनने चहा आणला आणि तो गार झाला.

मग फोन वाजला.

"रस्त्यावर आहोत." क्वेस्तानचा आवाज कोरडा होता. "सगळ्या. बफ्रीन आजी दगडावर बसून तुझ्या सात पिढ्या काढतेय."

शिलेरने फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"म्हणते, त्या खोटारडीला सांग, पुढच्या वेळी आंबट दांडे आणलेस तर तुझ्या घशात कोंबीन."

"सांग तिला, आणीन."

"हसू नकोस." क्वेस्तान थांबली. "शिले, एक विचारते. त्या दिवशी तुझ्या मागे कोण होतं?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

"तू."

"मी मान वर केली नव्हती. रीतच तशी. मी नुसते ठसे बघत होते." वारा आता कमी होता, मागून गाड्या जाताना ऐकू येत होत्या. "तू वाट सोडलीस असं म्हणालीस, म्हणून मी वाट तशीच पाठ केली. वर्षभर. अंगणात राख टाकून. इथून खुंट, तिथून काळा दगड, दगडाच्या डाव्या अंगाला उजवा पाय. रोज सकाळी, शिले. झोपेतसुद्धा चुकणार नाही असं केलं होतं मी."

शिलेरने डोळे मिटले.

"खुंट जागच्या जागी असता," क्वेस्तान म्हणाली, "तर मी फोन केलाच नसता."

कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडे बायकांचा कालवा होता. त्यातून शिलेर एकेकीचा आवाज ओळखत होती. बफ्रीन, नाझदार, मग पुन्हा बफ्रीन. सात होईपर्यंत ती ऐकत राहिली, आणि सात झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.